खिंडीतला गवती चहा

"हे बारकं वर पोचंपर्यंत होळी येईल," आदर्श म्हणाला आणि पाण्याची बाटली खांद्याला अडकवून चालूही लागला.

बारकं म्हणजे राजवीर. वय वर्षं पाच, पायात नवे कोरे बूट, डोक्यावर बहिणीची मोठी टोपी. आयुष्यात पहिल्यांदाच डोंगर चढायला निघालेला. आत्तापर्यंत त्याची सगळ्यात मोठी चढण म्हणजे कोल्हापुरातल्या घराचा जिना. पण आदर्शचं बोलणं ऐकून तो थांबला नाही. टोपी मागं सारून त्यानं एवढंच विचारलं, "ताई, वरून आई दिसेल ना?"

चूक नंदिनीचीच होती. काल झोपताना तो रडायला लागला, तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून ती बोलून गेली होती, 'उद्या डोंगरावर जाऊ, वरून कोल्हापूर दिसतं.' आता कोल्हापूर दिसतं म्हटल्यावर त्यात आई दिसणारच, असा त्याचा साधा हिशेब.

बारा वर्षांच्या राजनंदिनीला सगळे नंदिनीच म्हणत. तिचे बाबा सैन्यात होते, दूर सीमेवर. आई दवाखान्यात नर्स होती आणि दिवाळीत तिला सुट्टी नव्हती. म्हणून भाऊबीज झाल्यावर कृष्णातमामा आला आणि दोघांना शाहूवाडी तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन गेला. गाव छान होतं, पण भाताची कापणी जोरात होती. मोठी माणसं उजाडताच शेतात जायची आणि जाता जाता नंदिनीला एकच वाक्य सांगायची, "राजवीरकडं लक्ष दे." घरी आई तेच सांगायची. फोनवर बाबा तेच सांगायचे. नंदिनीकडं लक्ष द्या, असं मात्र कुणी कुणाला सांगितलेलं तिच्या ऐकण्यात नव्हतं.

आदर्श मामाचा मुलगा, तेरा वर्षांचा, आणि पळण्यात तालुक्यात दुसरा आलेला. हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा. शेजारची सदफ नंदिनीच्याच वयाची, बोलकी आणि प्रेमळ, पण आदर्श पळाला की तिचेही पाय आपोआप पळायचे. त्यामुळं अर्धा डोंगर चढेपर्यंत ते दोघं पुढं आणि हे दोघं मागं, अशी वाटणी झाली होती.

राजवीर तरी काय करणार? त्याला दर चार पावलांवर काहीतरी सापडत होतं. एक मुंगळा सापडला. एक निळं पीस सापडलं. एक दगड सापडला, तो बेडकासारखा दिसत होता, म्हणून खिशात गेला.

खिंडीत पोचल्यावर सदफ वाट बघत थांबलेली दिसली. तिथं वाटेच्या कडेला सुकलेल्या फांद्यांचा मोठा ढीग होता.

"ही डहाळदेवी," सदफ म्हणाली. "चढून आलेल्या माणसानं एक हिरवी डहाळी वाहायची. मग पाय दुखत न्हाईत. माझी अम्मी पण वाहती, आदर्शची आजी पण वाहायची. चढण सगळ्यांना सारखीच की."

राजवीरनं करवंदीची एवढीशी फांदी तोडून ढिगावर ठेवली आणि लगेच पाय आपटून बघितले. दुखत नव्हते.

"तुम्ही हितंच बसा," वरून आदर्श ओरडला. "आम्ही पठारावर जाऊन लगेच येतो. ह्याला घेऊन न्हाय जमायचं."

सदफनं नंदिनीकडं बघितलं, आदर्शकडं बघितलं आणि तीही वर पळाली.

मग खिंडीत वारा आणि ही दोघं, एवढंच उरलं. एका बाजूला खाली गाव दिसत होतं, कापलेल्या भाताची पिवळी वावरं, आणि दोऱ्यासारखा रस्ता. दुसऱ्या बाजूला एक खोलगट दरी होती. तिच्यात गच्च झाडी. तिकडं जाणारी पायवाट गवतात बुडून गेली होती.

"कोल्हापूर कुठंय?" राजवीरनं विचारलं.

"धुकं आहे आज."

खरं तर स्वच्छ ऊन पडलं होतं. राजवीरनं उन्हाकडं बघितलं, पण वाद घातला नाही. तो ढिगाशी जाऊन उकिडवा बसला.

दोघं पुष्कळ वेळ बसली. चिवडा संपला. ऊन डोक्यावर आलं. वरून हाक येईना की पावलांचा आवाज येईना. नंदिनीनं हात तोंडाशी धरून दोनदा हाक मारली. तिचाच आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत आला आणि तो ऐकून तिला जास्तच एकटं वाटलं. हाताशी भाऊ होता, खाली अख्खं गाव होतं, तरी एकटं वाटत होतं, आणि त्याचा तिला रागही येत होता.

"ताई, ह्याला चहाचा वास येतोय," राजवीर म्हणाला.

त्याच्या हातात गवताची एक लांब पात होती. मधोमध गाठ मारलेली. कडा सुकून वळलेल्या, पण चुरगाळली की वास यायचा.

"कुठनं काढलीस? देवीचं आहे ते, ठेव."

"आणखी आहेत. ह्या बघ."

खरंच होत्या. ढिगाच्या एका बाजूला, राजवीरच्या डोळ्यांच्या उंचीवर, तसल्याच गाठीच्या पाती एकावर एक ठेवल्या होत्या. अगदी खालच्या काळ्या पडलेल्या. त्यावरच्या पिवळ्या. वरची ही अर्धवट सुकलेली. सगळ्यांना एकाच हातानं मारलेली एकसारखी गाठ. उभ्या माणसाला त्या दिसल्याच नसत्या. नंदिनीनं वरची पात खिशात घातली.

शेवटी ती दोघंच खाली उतरली. घरी येऊन बघतात तर आदर्श ओट्यावर बसून शेंगा फोडत होता.

"आयला," तो म्हणाला. "आम्ही तिकडच्या वाटंनं उतरलो. तुमचं ध्यानातच न्हाय आलं."

नंदिनीनं राजवीरचे बूट काढले, त्याचे पाय धुतले आणि आत निघून गेली. आदर्शला शिव्या चालल्या असत्या. त्या गप्प जाण्यानं त्याच्या शेंगा कडू झाल्या.

रात्रीच्या जेवणाला मामा थकून बसला होता. नंदिनीनं विचारलं, "मामा, खिंडीच्या पलीकडं कोण राहतं?"

"कोण न्हाय. धनगरवाडा हुता, तो उठला. रस्ता न्हाय, शाळा न्हाय, कोण ऱ्हातंय? सगळी खाली आली. म्हातारी धोंडुबाई तेवढी ऱ्हायलीती, ती बी गेली दसऱ्याला पोरीकडं. हुपरीला."

"पोरीकडं कुठली?" मामी भाकरी वाढता वाढता म्हणाली. "पोराकडं गेली कोल्हापूरला. दिवाळीसणाला आई पोरीच्या दारात बसंल व्हय?"

"मला तिच्या पोरानं, बिरूनं सोता सांगितलंय, आई आक्काकडं हाय म्हणून."

"आन् मला तिची पोरगी आक्का म्हणाली, आई दादाकडं हाय म्हणून."

"असंल मग कुणाकडं तरी," मामा म्हणाला. "आमटी वाढ. उद्या मळणीचं मशीन येनार हाय."

विषय तिथंच संपला. मामा-मामीच्या डोक्यात भात होतं, आणि दमलेल्या माणसाला दोन उलट गोष्टी एकदम खऱ्या वाटू शकतात. नंदिनीचा घास मात्र हातातच राहिला. समोर आदर्शचाही राहिला होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि सकाळपासून पहिल्यांदा नंदिनीनं नजर वळवली नाही.

सकाळी मोठी माणसं शेतात गेली. राजवीर परसात दात घासत होता. तिथूनच तो ओरडला, "ताई, तुझं गवत हितंय!"

न्हाणीच्या पाण्यावर मामीनं गवती चहा लावला होता. नंदिनीनं खिशातली पात काढून त्याच्याशेजारी धरली. तीच पात आणि तोच वास.

"हे रानात येत न्हाय," सदफ म्हणाली. आदर्शनं तिला कुंपणावरून बोलावून रात्रीचं सगळं सांगितलं होतं. "लावावं लागतं. दारात."

"म्हंजे तिकडं कुणाचं तरी दार हाय," आदर्श म्हणाला.

"आणि ते माणूस रोज खिंडीत येत होतं," नंदिनी म्हणाली. "खालच्या पाती जुन्या, वरच्या नव्या. पण अगदी ताजी एकही नव्हती. वरची पण दोन दिवसांची असेल. म्हणजे यायचं थांबलंय."

आदर्शनं डोंगराकडं बघितलं.

"धोंडुबाई पोरीकडं असंल न्हाय तर पोराकडं," सदफ चाचरत म्हणाली. "विचारूया की."

आदर्श मामाचा फोन घेऊन आला. शेतात चिखलात पडेल म्हणून मामा तो घरीच ठेवायचा. त्यात बिरूचा नंबर होता. सदफनं तिच्या आईचा, मदिनाचाचीचा, फोन आणला. आक्का दर उन्हाळ्यात माहेरी यायची, तेव्हा चाचीकडं तिचा चहा ठरलेला. तिचा नंबर त्यात होता.

"एकेकाला विचारलं तर कालचंच उत्तर येईल," नंदिनी म्हणाली. "दोघांना एकदम लावूया."

दोन्ही फोन ओट्यावर समोरासमोर ठेवले आणि दोन्हींचा स्पीकर मोठा केला. आधी जाड आवाज आला. मागं कारखान्याची घरघर होती. "कोण, कृष्णाततात्या? बोला की."

"मी आदर्श बोलतोय बिरूकाका. धोंडुआज्जी हाय का तिथं?"

"आई? ती हुपरीला हाय, आक्काकडं. दसऱ्यालाच गेली. का रं?"

दुसऱ्या फोनमध्ये पैंजणाच्या घुंगरांचा खळखळाट चालला होता. आक्काच्या घरी चांदीचे पैंजण बनायचे. तो खळखळाट एकदम थांबला.

"कोण बोलालंय ते?" बाईचा आवाज आला. "दादा हाय काय?"

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला बहीण-भावात काहीतरी बिनसलं होतं आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता त्यांनाही धड आठवलं नसतं.

"आक्का," बिरूचा आवाज बारीक झाला, "आई तुझ्याकडं हाय न्हवं?"

"माझ्याकडं? मला तर ती म्हणाली, तू न्यायला येनार हाईस. दिवाळीची ती माझ्याकडं कशी येईल दादा?"

"आन् मला म्हणाली, तू येनार हाईस."

मग दोन्ही फोन एकदमच बोलायला लागले. एकातून रडणं, एकातून हाका. नंदिनीनं ओट्यावर वाकून दोन्ही फोनांना एकच सांगितलं, "आम्ही वर जातोय. तुम्ही या."

सदफ मामाला बोलवायला शेताकडं पळाली. आदर्श, नंदिनी आणि राजवीर डोंगराला लागले. राजवीरला ठेवायचं कुणाकडं? आणि तो राहिलाही नसता.

"तू पळ," खिंडीच्या खाली नंदिनी आदर्शला म्हणाली. "आम्ही येतो."

"काल सोडून गेलतो. आज न्हाय."

"आज सोडून जा. आज कामासाठी जातोयस."

आदर्श जो सुटला, तो तालुक्यात पहिलाच आला असता. नंदिनी राजवीरचा हात धरून मागून चालत राहिली. खिंडीत देवीपाशी ती क्षणभर थांबली. पातींच्या थरावर नवी पात नव्हती. पलीकडची वाट उतरणीची होती, गवत राजवीरच्या छातीपर्यंत यायचं. त्याला भीती वाटत होती, हे त्याच्या ओल्या तळहातावरून कळत होतं. त्यानं तसं म्हटलं नाही. खिशातला बेडूक-दगड त्यानं दुसऱ्या हातात घट्ट धरला होता.

धनगरवाडा म्हणजे पडक्या भिंती आणि त्यांच्यात उगवलेली झुडपं. एकच घर धड उभं होतं. दारात आदर्श धापा टाकत उभा होता.

"कोण न्हाय," तो म्हणाला. "दाराला बाहेरनं कडी हाय. लई हाका मारल्या. गेली असंल कुठंतरी. चुकलो आपण."

नंदिनी दाराकडं बघत राहिली. कडी खरंच बाहेरून होती. आतून कसला आवाज येत नव्हता. आपण मोठ्या माणसांना उगाच रडवलं की काय, असं तिला वाटलं.

"राजवीर कुठंय?" तिनं एकदम विचारलं.

राजवीर बाजूला नव्हता. तो वासामागं गेला होता. घराच्या मागच्या अंगाला गवती चहाचं दाट बेट होतं आणि त्याला लागून एक बसकं खोपट. त्याच्या दारात तो उभा होता, आणि कुणाशी तरी बोलत होता.

"माझं नाव राजवीर. पाणी देऊ?"

आत, घोंगडीवर, भिंतीला टेकून म्हातारी बसली होती. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला होता. ओठ फाटले होते. ती बोलत होती, पण आवाज फुटत नव्हता. आदर्शच्या हाका तिनं सगळ्या ऐकल्या होत्या. तिच्या ओ मात्र खोपटाच्या बाहेर पोचल्या नव्हत्या.

राजवीरनं आपली बाटली तिच्या तोंडाला लावली. ती थांबत थांबत प्याली. मग तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला.

"कुनाचं रं पावणं तुम्ही?"

नंदिनीला रडू आलं. इतका वेळ आलं नव्हतं, ते आत्ता आलं.

खिंडीतून परतल्यावर, घराची कडी काढायच्या आधीच, कोंबड्या रात्रीसाठी डालायला मागं आलेली धोंडुबाई दगडावरून घसरली होती. पाय टेकवेना, घरापर्यंत सरपटता येईना. कोंबड्यांचं पाण्याचं मडकं आणि त्यांच्यापुढं टाकायची नाचणी, एवढ्यावर तिनं दिवस काढले होते.

"कधी पडला?" नंदिनीनं विचारलं.

"भाऊबीजेच्या सांजंला. खिंडीतनं यायला अंधार झाल्ता. खिंडीतनं खालची यष्टी दिसती बग. कोन उतारतंय ते बगायचं. भाऊबीज हुती, म्हटलं दोघांतलं कोनतरी येईल. शेवटची गाडी जाईपतोर थांबले."

"पण तुम्हीच तर दोघांना सांगितलं होतं, की..."

"व्हय," म्हातारी म्हणाली. "त्यास्नी काळजी नको म्हनून सांगितलं. माझं बरं हाय म्हटलं. घर सोडून जायाचं नव्हतं बाय. आन् कोन येऊ नये असं बी नव्हतं."

"गवती चहा का वाहायचा?" राजवीरनं विचारलं. त्याला मुळात तेच हवं होतं.

"झाडाच्या फांदीला हात पोचंना आता. देवीला काय, हिरवं असलं की झालं."

नंदिनी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. 'माझं बरं आहे' हे वाक्य तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. रोज रात्री फोनवर ती आईला हेच सांगायची. आम्ही मजेत आहोत, तू काम कर.

थोड्या वेळानं खिंडीकडून सदफच्या हाका आल्या. मागून मामा आणि मळणीवरची माणसं, खांद्यावर बांबू. बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि धोंडुबाईला आळीपाळीनं खांदा देत खाली आणलं. खाली पोचल्यावर मामानं डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं आणि पोरांपुढं उभा राहिला.

"आमटी वाढ म्हणालो मी," तो म्हणाला. "म्हातारीचं इचारलं तर आमटी वाढ म्हणालो. तुम्ही नसता तर काय झालं असतं रं? शाब्बास. चौघंबी शाब्बास."

"मी न्हाय," आदर्श म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी तर दारातनं परत चालल्तो. राजवीरला घावली. काल पण आणि आज पण. तो हळू चालतो म्हणून."

दिवस मावळायच्या आत तालुक्याहून डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलं नव्हतं. मग एका गाडीतून बिरू उतरला आणि पाठोपाठ आक्का. हुपरीवरून तिला घेऊनच तो आला होता. दोघं बाजेच्या दोन बाजूंना उभी राहिली. म्हातारीनं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"दोघं एकदमच आलासा," ती म्हणाली. "आज माझी भाऊबीज झाली."

आक्का रडत सुटली. बिरूनं खाली मान घातली आणि आईचा सुजलेला पाय मांडीवर घेतला.

त्या रात्री आईचा फोन आला. मामानं तिला सगळं सांगितलं होतं. आई किती वेळ कौतुकच करत होती. शेवटी तिनं नेहमीप्रमाणं विचारलं, "तुम्ही दोघं मजेत आहात ना?"

नंदिनीचं उत्तर नेहमीचं ठरलेलं होतं. ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडलं.

"नाही," ती म्हणाली. "मला करमत नाही आई. राजवीर रोज रडतो, आणि तो झोपला की मी रडते. एक दिवस ये."



धोंडुबाई दुसऱ्या दिवशी आक्काबरोबर हुपरीला गेली. पाय बरा होईपर्यंतच, असं तिनं तीनदा बजावलं. जाताना तिनं राजवीरला जवळ बोलावलं आणि गवती चहाच्या पातीला गाठ कशी मारायची ते शिकवलं.

रविवारी चौघं परत चढली. राजवीर सगळ्यांच्या पुढं, आणि आदर्श सगळ्यांच्या मागं. मुंगळे, पिसं, दगड, सगळं बघत बघत. पलीकडच्या दरीत आता दिवा लावणारं कुणी नव्हतं. कोंबड्याही मामीच्या खुराड्यात आल्या होत्या. राजवीरनं मामीच्या परसातली पात काढली, जीभ बाहेर काढून गाठ मारली आणि जुन्या पातींवर ठेवली.

"आता कुणी आलं तर त्याला कळेल," तो म्हणाला. "इथनं माणसं जातात."

नंदिनीनं त्याला जवळ ओढलं. "राजवीर, इथून कोल्हापूर दिसत नाही रे. मी खोटं सांगितलं होतं."

"मला माहितीय," तो म्हणाला. "पण यष्टी दिसते."

ती खरंच येत होती. लाल ठिपका वळणावर वळला, झाडीत गेला, परत बाहेर आला आणि गावच्या फाट्यावर थांबला. कुणीतरी एकच माणूस उतरलं. इतक्या लांबून बाई की पुरुष तेही कळत नव्हतं. हातात निळी पिशवी होती, एवढंच. आईची दवाखान्याची पिशवी निळी होती. पण निळ्या पिशव्या पुष्कळांकडं असतात.

"थांब, आधी नीट बघू दे," नंदिनी म्हणाली.

पण राजवीर उताराला लागला होता, आणि तालुक्यात दुसऱ्या आलेल्या आदर्शलाही तो फाट्यापर्यंत सापडला नाही.